त्यांचे टेबल आणि मी

मी एक जुने जेवणाचे टेबल आहे. आपली गोष्ट सांगणाऱ्या बहुतेक वस्तू आपण किती सोशिक होतो ते सांगतात. छत्री सांगते, फाटका बूट सांगतो. मित्रांनो, मला ते जमणार नाही. गेली दोन वर्षे मी दुसऱ्या एका टेबलावर जळतो आहे, आणि त्या टेबलाला मी या जगात आहे हेसुद्धा ठाऊक नाही.

माझा जन्म एका गल्लीतल्या सुताराच्या दुकानात झाला. लाकूड साधेच, पण सुताराचा हात चांगला. त्याने माझे चारही पाय घासून गुळगुळीत केले, वर पॉलिश चढवले आणि ते पुरते वाळायच्या आधीच स्वतःचा डबा माझ्यावर ठेवून जेवला. त्या डब्याचा गोल डाग माझ्या कोपऱ्यावर अजून आहे. आमच्या घरचे आई-बाबा मला विकत घेण्याआधी बघायला आले तेव्हा सुतार ओशाळला. आई मात्र म्हणाली, "असू द्या हो. यावर कुणीतरी पोटभर जेवलंय, चांगलंच आहे." त्या एका वाक्यावर मी तिचा झालो.

आई कपडे धुण्याच्या आणि इस्त्रीच्या दुकानात कामाला जाते. कपडा नाकाशी नेला की तो माणूस कुठे कुठे फिरून आला ते ती सांगते, म्हणून दुकानातल्या बायका तिला गमतीने फौजदारीण म्हणतात. बाबा बस चालवतात. थोरली मुलगी चौदा वर्षांची, पोहण्यात पटाईत. धाकटी आठ वर्षांची, बोलण्यात पटाईत. स्वयंपाकघरात खिडकीखाली माझी जागा आणि माझ्याभोवती चार खुर्च्या.

ते दिवस काय सांगू! बाबा कामावरून आले की मिठाची बरणी पुढे ओढायचे. "ही मी. आणि हा चमचा म्हणजे समोरून आलेला ट्रक." मग बरणी माझ्यावरून अशी काही वळायची की धाकटी किंचाळायची आणि भात सांडायचा. थोरली पाण्यात हात कसा मारायचा ते बसल्या जागी करून दाखवायची आणि शेजारच्याचा पेला उडवायची. भांडणेही माझ्यावरच व्हायची. मावशी आली की म्हणायची, "तुमच्याकडे बसायचं तर या टेबलाशीच." हे ऐकून मी फुलून जायचो.

आणि मग तो कार्यक्रम सुरू झाला.

एका बड्या नटाच्या घरात म्हणे कॅमेरे लावले होते. नट, त्याची बायको, त्याची म्हातारी आई आणि तीन मुले. रोज संध्याकाळी आठ वाजता ते घरात काय करतात ते साऱ्या जगाने बघायचे. आणि ते काय करायचे? जेवायचे! पांढऱ्याशुभ्र दगडाच्या, अठरा खुर्च्यांच्या टेबलाशी बसून जेवायचे. स्वयंपाकघराच्या दारातून मला आमचा टीव्ही अर्धाच दिसतो, आणि माझे नशीब असे की नेमके ते टेबल त्याच अर्ध्या भागात यायचे. त्याच्यावर कधी डाग नाही, कधी तेलाचा ओघळ नाही. मध्यभागी रोज ताजी फुले. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आमच्या माणसांना त्यात काय एवढे गोड लागत होते, याचा मी खूप विचार केला. माझ्याकडे विचार करायला वेळच वेळ होता. त्या घरातले भांडण आठ वाजून पाच मिनिटांनी सुरू होते आणि साडेआठच्या आत मिटते. आमच्या घरातले भांडण आठवडाभर भांड्यांच्या आवाजातून ऐकू येते. शिवाय आई म्हणायची, "बघा, एवढी मोठी माणसं, पण पोरं त्यांचंही ऐकत नाहीत!" असे म्हणताना दिवसभर इस्त्री फिरवून दुखणारा तिचा खांदा जरा सैल पडायचा. ते मला दिसायचे. पण मत्सर असा असतो, मित्रांनो, की दिसले तरी मान्य होत नाही.

हळूहळू सगळे ताटे मांडीवर घेऊन बाहेर सोफ्यावर जेवू लागले. माझ्या वाट्याला इस्त्रीच्या कपड्यांची चळत, बाबांची टोपी आणि मोबाइलच्या वायरी आल्या. आणि एके दिवशी आईने एक प्लास्टिकचे कापड आणून माझ्यावर अंथरले. त्यावर पांढरा दगड छापलेला होता! "हुबेहूब त्यांच्यासारखं दिसतंय ना?" ती कौतुकाने म्हणाली. बाईला सवतीची साडी नेसवून वर तुला शोभते म्हणावे, तशी माझी गत झाली.

अशातच थोरली माझ्याकडे परत आली. "मला अभ्यास आहे, मी आतच जेवते," असे सांगून ती आठ वाजता ताट घेऊन माझ्याशी बसू लागली. मला कोण आनंद झाला! एक तरी माणूस मी त्या पांढऱ्या टेबलाकडून हिसकावून आणले, असे मला वाटले.

पण ती जेवत नव्हती. ताटावर दुसरे ताट झाकून ती नुसती बसायची आणि शेवटी ते अन्न कचऱ्याच्या डब्यात लोटायची. आणखी एक गोष्ट मला दिसली. ती रोज पोहण्याची पिशवी माझ्यावर ठेवायची आणि पिशवी कोरडी असायची. मग ती टॉवेल आणि पोहायचा पोशाख काढून स्वयंपाकघराच्या नळाखाली भिजवायची, पिळायची आणि गॅलरीत वाळत घालायची. असे नऊ दिवस चालले. काहीतरी बिनसले आहे हे मला कळत होते. तरी मी खूश होतो, कारण ती माझ्याजवळ होती. हे सांगताना मला आजही लाज वाटते.

दहाव्या दिवशी बाहेर हाहाकार उडाला. नटाची मुलगी रुसली होती! सलग दुसऱ्या दिवशी ती जेवायला खाली आली नव्हती, का ते कुणाला सांगत नव्हती, आणि प्रेक्षकांनी तिला पत्रे लिहावीत असे पडद्यावर सांगत होते. ब्रेक लागला तशी आई पदराला हात पुसत आत आली. मागोमाग बाबा आणि धाकटी.

"बिचारी दोन दिवस उपाशी आहे," आई म्हणाली. "आपण लिहू या तिला. तुझं अक्षर छान आहे, तू लिही. घे कागद."

थोरलीने झाकलेले ताट बाजूला सरकवले आणि कागद घेतला. ताटाकडे कुणीही बघितले नाही.

"लिही, बाळ, अन्नावर राग काढू नये. आई-बाबांना मनातलं सांगावं. ते ऐकतात."

पेन थांबले. "ऐकतात कशावरून?" थोरलीने विचारले.

"अगं, पोटची पोर उपाशी असेल तर कुणाच्या घशाखाली घास उतरेल?"

"आणि लिही, तुझा निळा झगा मला आवडतो," धाकटी म्हणाली.

"नाव घाला सगळ्यांचं," बाबा म्हणाले, तेवढ्यात ब्रेक संपला आणि तिघेही बाहेर पळाले.

थोरली लिहीत राहिली. कागदाखाली मीच होतो. आधी पेन हलके चालत होते, मग इतके रुतू लागले की ते छापील दगडाचे कापड फाटून टोक थेट माझ्या लाकडाला लागले.

पुढच्या ब्रेकमध्ये आई परत आली. "झालं? बघू. उद्या जाताजाता पेटीत टाकते." तिने कागद उचलला आणि मोठ्याने वाचायला लागली. "बाळ, अन्नावर राग काढू नये. आई-बाबांना मनातलं सांगावं. ते ऐकतात." इथवर तिचा आवाज खणखणीत होता. पुढचे ती हळूहळू वाचू लागली.

"पण मी सांगितलं नाही. संघातून माझं नाव काढलं. सर सगळ्यांसमोर म्हणाले, तू बाकीच्यांना मागे ओढतेस. मी पोहायला जात नाही, बसथांब्यावर बसून राहते. घरी कधी सांगू? रोज आठ वाजता घरी सगळे तुमचीच काळजी करत असतात."

आई सरळ गॅलरीत गेली, दोरीवरचा टॉवेल ओढून काढला आणि नाकाशी धरला. पोहण्याच्या तलावाच्या पाण्याला औषधाचा उग्र वास असतो. या टॉवेलाला नळाच्या पाण्याशिवाय कसलाच वास नव्हता. टॉवेल तसाच हातात घेऊन ती आली आणि धपकन खुर्चीत बसली.

"परक्यांच्या कपड्यांतलं सगळं कळतं मला," ती म्हणाली. "आणि हा रोज माझ्याच दोरीवर होता गं."

"जाऊ दे ना, आई."

"काय जाऊ दे? जेवलीस का तू?" आईने झाकण उचलले. ताट जसेच्या तसे होते. ते बघून तिला हुंदका फुटला, आणि मग थोरलीलाही. बाबा दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी टोपी आणि कपड्यांची चळत उचलून खाली ठेवली आणि थोरलीच्या शेजारची खुर्ची ओढली.

"कुठल्या थांब्यावर बसतेस?" त्यांनी विचारले. "माझ्या मार्गावर तर नाही ना?"

"तुमच्या मार्गावर कशी बसेन!" ती रडता रडता हसली.

बाहेरून धाकटी ओरडली, "आली, आली! ती जेवायला आली! लवकर या सगळे!"

"येऊ दे," आई म्हणाली आणि थोरलीचे अन्न गरम करायला उठली.

मित्रांनो, आमच्या घरात तो कार्यक्रम अजूनही बघतात आणि मी अजूनही जळतो. पण आता एक गोष्ट मला कळली आहे. त्या दहा दिवसांत आमच्या घरात जळणारा मी एकटा नव्हतो. मी त्यांच्या टेबलावर जळत होतो आणि आमची थोरली त्यांच्या मुलीवर. माझे काय, मी लाकूड आहे. मला कुणी पुसले नाही, माझ्यावर पसारा टाकला, तरी मी उभा राहीन.

तुम्ही टीव्ही बघा, खुशाल बघा. पण बघायला बसण्याआधी एकदा आत डोकवा, आणि झाकलेले ताट दिसले तर ते कुणाचे आहे एवढे विचारा. आम्हा टेबलांना सगळे दिसते हो, पण आम्हाला विचारता येत नाही.