चूक माणिकप्पाची

अंकुशराव मास्तरांना इंग्रजीतली चूक ऐकवत नसे. कुणी चुकीचं बोललं की त्यांच्या तोंडून दुरुस्ती आपसूक बाहेर पडे, मग समोर शाळेतलं पोरगं असो की पोस्टमास्तर. लग्नाच्या पंगतीत एका पाहुण्यानं ऐटीत इंग्रजी फेकलं, तर मास्तरांनी हातातला घास खाली ठेवून त्याचं वाक्य सरळ करून दिलं होतं. तो पाहुणा पुढं जेवलाच नाही. अशा माणसाला जहागीरदारांनी इंग्रजी शिकवायला बोलावलं, तेव्हाच खरं तर कुणीतरी हटकायला हवं होतं. पण हटकणार कोण? भालकीपलीकडच्या त्या जहागिरीत शाळा जहागीरदारांची, मास्तरांचं राहतं घर त्यांचं, आडाचं पाणीसुद्धा त्यांचंच. गावात त्यांचं नाव कुणी घेत नसे. सगळे नुसतं ‘सरकार’ म्हणत.

सरकारांना इंग्रजी अगदीच येत नव्हतं असं नाही. ते मधल्या पायरीवर होते, आणि शिकवणाऱ्याला तीच पायरी सगळ्यात अवघड. नवशिका घाबरून गप्प तरी बसतो. मधल्या पायरीवरचा माणूस धडाधड बोलतो आणि प्रत्येक वाक्यात एक खडा टाकून ठेवतो. हिवाळ्यात हैदराबादहून महसुलाचा गोरा साहेब येणार होता. जहागिरीनं न्यायनिवाड्याची स्वतःची कचेरी आणि स्वतःचे शिपाई ठेवावेत की नाही, हे तो ठरवणार होता. साहेब विलायतेहून नवाच आलेला. उर्दू त्याला धड येईना आणि दुभाष्यांवर त्याचा काडीचा विश्वास नाही, अशी बातमी होती. म्हणून सरकारांना त्याच्याशी समोरासमोर बोलायचं होतं.

पहिल्या दिवशी सरकार लोडाला टेकून म्हणाले, “आय ॲम हॅविंग सिक्स हॉर्सेस.”

“चूक,” मास्तर म्हणाले. “आपल्या मालकीचं सांगताना हॅविंग म्हणायचं नाही. आय हॅव सिक्स हॉर्सेस.”

पंखा ओढणाऱ्याचा हात थांबला. दारातल्या शिपायानं मान खाली घातली. सरकार रागावले असते तर बरं झालं असतं, पण ते नुसते हसले, उठले आणि आत निघून गेले.

दिवाणजी लिंगराजअप्पा मास्तरांना खिडकीशी घेऊन गेले. खाली, गढीच्या भिंतीला लागून, एक घर उभं होतं. भिंती होत्या, दार होतं, छप्पर नव्हतं.

“तुमच्या आधीच्या मास्तराचं घर हाय ते,” दिवाणजी म्हणाले. “त्यानंबी पहिल्याच दिवशी चूक काढली होती.”

“मग ते मास्तर गेले कुठं?”

“ते कुणी इचारत न्हाई. सरकार चुकत न्हाईत, मास्तर. एवढं ध्यानात धरा आन् मग खुशाल शिकवा.”

जो चुकतच नाही त्याला शिकवायचं कसं? मास्तर रात्रभर तळमळले आणि सकाळी त्यांना एक युक्ती सुचली. युक्ती इतकी झकास वाटली की न्याहारी करता करता ते एकटेच हसत होते.

गढीच्या कचेरीत माणिकप्पा नावाचा कारकून होता. मूळचा खटकचिंचोळीचा, चाळिशीचा, गळ्यात लिंग, कपाळावर भस्म, स्वभावानं गरीब. इंग्रजी त्याला मोडकंतोडकं येई. मास्तरांनी त्याला शिकवणीला बसवलं. सरकार वाक्य बोलणार. तेच वाक्य माणिकप्पा पुन्हा म्हणणार. मास्तर माणिकप्पावर ओरडणार, दुरुस्त करून सांगणार, माणिकप्पा ते घोकणार. सरकारांनी नुसतं ऐकायचं.

रात्री त्यांनी ही करामत बायकोला, राजूबाईला, सांगितली. ती भाकरी थापता थापता थांबली.

“आन् त्या बिचाऱ्याला कामून बोलणी खायला लावायलाव?”

“अगं, खोटी बोलणी. सगळ्यांना ठावं हाय.”

“इथल्यांना ठावं हाय,” ती म्हणाली. “बाहेरच्याला काय कळणार?”

बायकांना कुठल्याही गोष्टीत काहीतरी काढायचंच असतं, असं म्हणून मास्तर जेवायला बसले.

शिकवणी सुरेख चालली. “आय डिड नॉट वेंट,” माणिकप्पा सरकारांचं वाक्य म्हणे. मास्तर खेकसत, “गाढवा, डिड आला की पुन्हा वेंट कशाला? डिड नॉट गो!” माणिकप्पा मान डोलावून घोकायचा. शिकवणी संपली की मास्तर त्याला अण्णा म्हणायचे आणि माफी मागायचे. माणिकप्पा हसायचा. “रोज म्हणायलो, आय हॅव सिक्स हॉर्सेस. माझ्या दारात एक शेळी बी न्हाई, मास्तर!”

सरकारांची सगळ्यात चिवट चूक एक होती. कधी घडलं ते सांगितलं की इंग्रजीत ‘हॅव’ गळून पडतं, हे त्यांच्या डोक्यात उतरेना. “ऑन संडे आय हॅव सीन अ टायगर,” असं ते हटकून म्हणत. दिवाळीपर्यंत माणिकप्पानं त्यापायी बोलणी खाल्ली. दिवाळीनंतर मात्र सरकारांची ती चूक कायमची सुटली. मास्तरांना इतका आनंद झाला की त्यांनी घरी शिरा करायला लावला.

पुढंपुढं सरकारांना चुकीचं वाक्य स्वतःच्या तोंडून मोठ्यानं काढणंही नकोसं झालं. ते माणिकप्पाच्या कानाशी पुटपुटत आणि माणिकप्पा खणखणीत आवाजात म्हणे. दिवाणखान्यात आता फक्त माणिकप्पाचाच आवाज ऐकू येई. गढीत तर सगळ्यांना खेळच सापडला होता. कालवणात मीठ जास्त पडलं, चूक माणिकप्पाची. सरकारांनी घोडा दमवून लंगडा केला, चूक माणिकप्पाची. माणिकप्पा हात जोडून म्हणे, “व्हय सरकार, माझीच चूक,” आणि सगळे पोट धरून हसत. मास्तरही हसत. एकदा मात्र हसता हसता त्यांचं लक्ष सरकारांकडे गेलं. सरकार हसत नव्हते. ते माणिकप्पाकडे पाहत होते, बाजारात बैल पारखतात तसे.

साहेब यायच्या आधीच्या सोमवारी सरकार दुबलगुंडीच्या बाजूला शिकारीची जागा बघायला गेले. साहेबाला रानडुकराची शिकार घडवायची होती. काडतुसांची पिशवी सांभाळायला माणिकप्पाला सोबत नेलं. झुडपातून काहीतरी हललं, बार झाला आणि रान उठवणाऱ्या हाकेकऱ्यांतला श्रीमंत नावाचा जवान माणूस जागीच गेला.

त्या संध्याकाळी गढीत कुणीतरी सवयीनं बोलून गेलं, “चूक माणिकप्पाची.” कुणी हसलं नाही.

माणिकप्पा मास्तरांच्या घरी आला. “मी बघितलोय, मास्तर. हाललं त्याच्यावर सरकारनं बार टाकला. मानूस हाय का जनावर, बघितलं बी न्हाई.”

“कुठं बोलू नका, अण्णा,” मास्तर म्हणाले. “काही दिवस गप ऱ्हावा. निवळंल सगळं.”

पण निवळायला तयार नव्हती ती श्रीमंतची बायको, नागूबाई. साहेबाची मोटार गावात शिरली तेव्हा ती रस्त्यात मधोमध बसली. शिपायांनी ओढलं तरी हलेना. साहेब खाली उतरला. तिचं बोलणं त्याला कळलं नाही, पण तिच्या मांडीवरचं नवऱ्याचं रक्ताळलेलं मुंडासं कळलं. बार कुणी टाकला, असं त्यानं सरकारांना सगळ्यांसमोर विचारलं आणि ज्यानं टाकला त्याच्याच तोंडून ऐकायचं आहे, दुभाषी नको, असं बजावून सांगितलं. एवढं गावभर झालं. सरकारांनी काय उत्तर दिलं ते मात्र कुणालाच ऐकू आलं नव्हतं.

दुपारी दिवाणजी शाळेत आले. “चला मास्तर, शिकवणी हाय.”

“आज? साहेब आलेत की!”

“सरकारचा हुकूम हाय.” आणि जाता जाता दिवाणजी, मास्तरांकडे न पाहता, म्हणाले, “तुमच्या घराचं छप्पर चांगलं हाय. औंदा शाकारायचं काम न्हाई पडायचं.”

गढीच्या अंगणात नागूबाई मुंडासं घेऊन बसली होती, तिच्याजवळून ते खाली मान घालून गेले. दिवाणखाना रोजचाच, पण आतल्या दारावरचा, बांबूच्या कामट्यांचा चिकाचा पडदा आज सोडलेला होता. तो कधीच सोडलेला नसे. खोलीत वेगळ्याच, भारी तंबाखूचा वास येत होता. माणिकप्पा मात्र रोजच्या जागी, पडद्याला लागून, अंग चोरून बसला होता. मास्तरांना पाहून त्याला जरा धीर आला.

सरकार त्याच्या कानाशी वाकले.

माणिकप्पानं मान वर केली. क्षणभर तो गोंधळला, मग त्याचा चेहरा एकदम उजळला आणि तो खणखणीत आवाजात म्हणाला, “ऑन मंडे आय हॅव फायर्ड द गन.”

सोमवारी मी बार टाकला. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. सरकार कबूल करायला निघाले होते! साहेबासमोर खरं बोलायचं म्हणून तालीम करत होते! माणिकप्पालाही तेच वाटलं होतं. तो डोळ्यांनीच मास्तरांना सांगत होता, बघा, अखेर माणूसच तो. मास्तरांच्या तोंडून दुरुस्ती नेहमीसारखी सुटली, “हॅव नको! वार सांगितलास ना? ऑन मंडे आय फायर्ड द गन!”

“ऑन मंडे आय फायर्ड द गन,” माणिकप्पा म्हणाला.

आणि तेव्हा मास्तरांच्या लक्षात आलं की ही चूक सरकारांनी दिवाळीनंतर एकदाही केली नव्हती.

त्यांनी सरकारांकडे पाहिलं. सरकार शांतपणे त्यांच्याकडेच पाहत होते. मास्तरांची नजर खाली गेली. चिकाच्या खालच्या कडेशी दोन बुटांची टोकं दिसत होती. चकचकीत, तांबड्या चामड्याच्या, विलायती बुटांची. घरात बसून बायकोनं सांगितलेलं त्यांना आता कळलं. बाहेरचा माणूस पडद्याआड बसला होता आणि त्याला फक्त माणिकप्पाचा आवाज ऐकू येत होता. बार टाकणारा शिकवणीत आपल्या तोंडानं बोलेल, आडून ऐका, असं सरकारांनी त्याला सांगितलं असणार.

सरकार पुन्हा माणिकप्पाच्या कानाशी वाकले.

“ही वॉज डाय बाय माय बुलेट,” माणिकप्पा म्हणाला आणि बोलणी खायला मान खाली घालून बसला.

तो माझ्या गोळीनं मेला. वाक्य साफ चुकलं होतं. मास्तर गप्प बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना एखादी चूक तशीच राहावी असं वाटत होतं. इतकं मोडकं वाक्य साहेब कदाचित मानणार नाही, पुन्हा विचारील, माणिकप्पा आपल्या भाषेत सांगेल. नुसतं गप्प बसलं तरी पुरे होतं. त्याहून थोडी छाती असती तर पडदा बाजूला सारून एवढंच म्हणायचं होतं, की साहेब, हे बोल याचे नाहीत.

“मास्तर?” सरकार हळूच म्हणाले.

खिडकीतून ते बिनछपराचं घर दिसत होतं. आतल्या खोलीत गवत माजलं होतं. राजूबाई आत्ता चुलीशी असेल, मास्तरांच्या मनात आलं.

“चूक,” ते म्हणाले. “माय बुलेट किल्ड हिम.”

“माय बुलेट किल्ड हिम,” माणिकप्पा म्हणाला. मोठ्यानं, स्पष्ट, शहाण्या विद्यार्थ्यासारखं.

चिकाचा पडदा वर झाला. साहेब बाहेर आला, पाठोपाठ पोलिसांचा अमीन आणि दोन शिपाई. साहेब तरुण होता, चेहरा सरळ होता, आणि त्याला न्यायच करायचा होता, हे मास्तरांना स्पष्ट दिसलं. हा माणूस आपणहून बोलला का, की त्याच्या तोंडी कुणी शब्द घातले, असं त्यानं मास्तरांना इंग्रजीत विचारलं. अगदी सोप्या, निर्दोष इंग्रजीत.

दिवाणखान्यात मास्तरांखेरीज दुसरं कुणी ही शिकवणीची उलटी रीत साहेबाला समजावून सांगू शकलं नसतं.

“मी फक्त त्याच्या चुका दुरुस्त केल्या, साहेब,” मास्तर इंग्रजीत म्हणाले.

साहेबानं पटल्यासारखी मान डोलावली. शिपाई माणिकप्पाच्या मागं जाऊन उभे राहिले. माणिकप्पाला अजून ते दिसले नव्हते. खुद्द विलायतेचा साहेब शिकवणी बघायला आला, या आनंदात तो हात जोडून उभा होता. तो मास्तरांकडे वळला.

“मास्तर, साहेबाफुडं बरोबर म्हणलो न्हवं?”

“व्हय अण्णा,” अंकुशराव म्हणाले. “एक बी चूक न्हाई.”