नको म्हणायचा तास

रिक्षाची सीट पुसायच्या आधी वशरामभाई त्या उलटीत काडीनं काहीतरी शोधत होते. सुपारीचा तुकडा, तंबाखूची पूड. चहात भिजलेले बेसनाचे गाठिये निघाले; बाकी काही नक्की कळेना.

आठ दिवस त्यांच्या रिक्षातल्या माव्याच्या, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या, पुड्या गायब होत होत्या. आधी वाटलं, आपणच चघळून विसरलो असू. पण आज कीर्तनला रिक्षात उलटी झाली आणि त्यांना वाटलं, पुड्या यानंच खाल्ल्या. कीर्तन चौदा वर्षांचा, हाताला लागेल ते तोंडात घालणारा, त्यात फिटची औषधं चालू. जुनागढच्या त्या विशेष शाळेत ते सहा मुलं पोचवत. काय खाल्लं हे त्यातल्या निम्म्यांना सांगताही येत नसे.

सीट तशीच टाकून ते कीर्तनच्या शिक्षिकेच्या वर्गाच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

"उर्मिबेन, मला कामावरून काढा, पण आधी कीर्तनला डॉक्टरकडे न्या."

"झालंय काय, ते तरी सांगा."

सांगताना त्यांनी मान वर केली नाही. उर्मिबेननं ऐकून घेतलं आणि आधी कीर्तनच्या आईला फोन लावला. त्याला रात्रीपासून ताप होता. पहाटेही दोन उलट्या झाल्या होत्या. कामावर जायचं म्हणून आईनं तसंच पाठवलं होतं.

"पुड्या किती गेल्या?" फोन ठेवत उर्मिबेननं विचारलं.

"अकरा. आजची धरून."

तिनं कपाटातला लाल डबा काढून टेबलावर उपडा केला. दोघांनी मोजल्या. अकरा. एकीचंही रबर सुटलेलं नव्हतं.

"वर्गात आम्ही नाटक करतो. एकानं पुडी पुढे करायची, दुसऱ्यानं नको म्हणायचं. खरी सापडली तर या डब्यात. जलपा रोज आणून टाकते. मला वाटलं, तिच्या बापाच्या. उद्या त्यांना बोलावून झाडणार होते!"

"जलपा? रिक्षात कडेच्या जागेसाठी पोराचा दात पाडला ती?"

"तीच. काल वर्गातल्या मेहुलनं पुडी हिसकायला तिचे केस ओढले. तिनं दोन्ही हात मागे घेतले आणि मला हाक मारली. मारलं नाही, वशरामभाई."

वशरामभाई बाकावर बसले. हसू आलं, ते डोळ्यांतूनच आलं. पाण्याचा अख्खा गडवा त्यांनी एका दमात संपवला.

"आता रिक्षात पुडी दिसता कामा नये."

"नाही दिसणार, बेन."

"आणि खिशात?"

गडवा ठेवून ते उठले. "सीट पुसायची राहिलीय, बेन."

कीर्तनला आई दुपारीच घेऊन गेली. शाळा सुटल्यावर उरलेल्या पाच जणांतले चौघे रिक्षात चढले. जलपा मात्र पुढे येऊन उभी राहिली. सतरा वर्षांची, दोन घट्ट वेण्या. तिनं रिकामी मूठ पुढे केली.

"घ्या ना काका. मस्त आहे."

वशरामभाईंचा हात सवयीनं पुढे झाला. मागे खिदळणं सुरू झालं.

"चुकलं! काकांना येतच नाही! पुन्हा. घ्या ना काका."

"नको."

"मोठ्यानं."

"नको, बाई, नको!"

टाळ्या पडल्या. जलपा चढून बसली. रिक्षा नाक्यावर आली, तसा पानटपरीवाल्यानं त्यांना बघून नेहमीची पुडी उचलली आणि हात लांब केला.

वशरामभाईंनी आरशात पाहिलं. पाचही जण पुढे वाकून त्यांच्याचकडे बघत होते.