उसनं मरण

गाझियाबादच्या एका खासगी कॉलेजात उन्नती मेश्राम शेवटच्या वर्षाच्या मुलांना बायोडेटा आणि कव्हर लेटर लिहायला शिकवायची. नुसतं ‘मी मेहनती आहे’ लिहून कुणाला पटत नाही, हे समजावताना एकदा तिने स्वतःच्याच घरातलं सांगितलं. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तिचा भाऊ संघपाल हॉस्पिटलच्या गेटबाहेर बेडची वाट बघत ऑटोतच गेला. त्याची एक चप्पल खाली पडली होती. ती दिवसभर उन्नतीच्या हातात राहिली.

“मला दुःख झालं, असं मी म्हटलंच नाही,” ती म्हणाली. “तरी तुम्हाला कळलं ना?”

त्या वर्गातल्या हेरंबने वहीत काहीतरी टिपून घेतलं.

पुढे प्लेसमेंटच्या बोर्डावर हेरंबचं कव्हर लेटर नमुना म्हणून लागलं. एका विमा कंपनीने त्याला घेतलं होतं. उन्नती कौतुकाने वाचायला थांबली. हेरंबचे वडील ऑटोत गेले होते. त्यांची चप्पल त्याने दिवसभर हातात धरली होती. त्या दिवशी त्याला विम्याचं मोल कळलं होतं.

तिने तो परिच्छेद पुन्हा वाचला.

दुपारी हेरंब स्टाफरूममध्ये बर्फी घेऊन आला. सोबत त्याचे वडील होते, दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरात राहणारे सरकारी अधिकारी, चांगले धडधाकट.

“मॅडम, तुमच्यामुळे झालं हे सगळं,” वडील म्हणाले.

“त्याचं लेटर वाचलंत तुम्ही?”

“वाचलं ना. मारूनच टाकलंय मला,” ते हसले. “चलता है. आजकाल असंच लिहावं लागतं.”

उन्नती हेरंबकडे वळली. “ती चप्पल माझ्या भावाची होती.”

“हो मॅडम. पण खरं वाटलं पाहिजे, असं तुम्हीच म्हणाला होतात.”

तो उद्धटपणे बोलत नव्हता. त्याला खरंच काही वावगं वाटत नव्हतं, आणि तिला त्याचीच जास्त किळस आली.

“बर्फी घेऊन जा,” ती म्हणाली.

बोर्डावरचा कागद तिने काढला आणि कंपनीला मेल केला: मुलाचे वडील हयात आहेत, प्रसंग माझ्या घरातला आहे. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. कळवल्याबद्दल आभार, ग्राहकाच्या मनाला हात घालण्याची उमेदवाराची हातोटी सेल्ससाठी उपयोगी असल्याने निवड कायम आहे.

त्या रात्री मयूर विहारच्या घरी आई, कौसल्याबाई, ताट वाढून बसली होती. “जेवत का नाहीस गं?”

“मळमळतंय,” उन्नती म्हणाली. मेलचं तिने सांगितलं नाही.

पुढच्या तासाला वर्गातल्या तनयाने विचारलं, “मॅडम, आमच्या घरी असं काही घडलंच नसेल तर?”

“मग जे घडलं ते लिही.”

“त्यावर नोकरी मिळेल?”

उन्नतीला हो म्हणता आलं नाही. सत्र संपल्यावर तिने तो विषय सोडला. आता ती पहिल्या वर्षाला व्याकरण शिकवते.