लॅव्हॉनने मोडलेला हब

लॅव्हॉन टीटरला आमच्या खोऱ्यात कुणी नावं ठेवत नाही असं नाही. ती माणसांपेक्षा लोखंडाशी जास्त बोलते, चर्चच्या जेवणाला विकतचा केक आणते आणि स्वतःच्या कुत्र्याला ‘साहेब’ म्हणते. पण खाणीतली यंत्रं दुरुस्त करण्यात उभा जन्म घालवलेली ही बाई लोखंड कातायच्या लेथसमोर उभी राहिली, की नावं ठेवणारेच रिकामे डबे पालथे घालून त्यांवर बघत बसतात. मीही त्यातलाच. जगात फार थोड्या लोकांबद्दल माझं मत चांगलं आहे, असं माझी बायको म्हणते, आणि ते खरं आहे. लॅव्हॉन त्या थोड्यांत बसते. का बसते, ते सांगतो.

माझ्याकडे पासष्ट सालची फिकट निळी व्हॅलियंट गाडी आहे. गेल्या वर्षी डेकोरेशन डेला, थडग्यांवर फुलं वाहायच्या दिवशी, मी माझ्या बायकोला, आर्डिथला, घेऊन चीट माउंटन या डोंगराच्या पलीकडे गेलो होतो. तिची आई तिकडे पुरलेली आहे. परत येताना घाटात ब्रेक गेले. गेले म्हणजे तुटले नाहीत. जुने ड्रमचे ब्रेक ते, उतारावर तापत गेले, तापत गेले आणि शेवटी त्यांनी पकडच सोडली. ब्रेक दाबून दाबून माझा पाय तळाच्या फळीला टेकला होता आणि गाडी आपली पळतेच आहे. माझी पाचावर धारण बसली. बेफाम सुटलेल्या ट्रकांसाठी घाटात खडीचा चढ केलेला आहे, त्यात गाडी घातली तेव्हा कुठे ती थांबली. आर्डिथ दार उघडून उतरली आणि उरलेला घाट पायी उतरू लागली. रिकामी फुलांची टोपली तिच्या हातातच होती.

त्या दिवसापासून ती त्या गाडीत बसली नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ही तर अंगणातल्या उभ्या गाडीच्या पुढूनही जाईना. थंडी संपता संपता तिने मला जेवणाच्या टेबलावर सांगितलं, “हार्लेस, येत्या डेकोरेशन डेला मी या गाडीतून आईकडे जाईन, नाहीतर ही गाडी त्या दातांच्या डॉक्टरकडे जाईल. मग तुझं तू बघ.”

एल्किन्स गावचा तो दातांचा डॉक्टर कधीपासून माझ्या गाडीवर डोळा ठेवून आहे. त्याला ती जांभळी रंगवायची आहे. तेव्हा मी मुकाट्याने लॅव्हॉनच्या शेडचा रस्ता धरला.

पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक लावायचे, यावर आमचं दोघांचं एकमत होतं. अडलं ते हबवर. हब म्हणजे चाक ज्याच्यावर बसतं आणि ज्याच्या पोटात बेअरिंग फिरतं, तो ओतीव तुकडा. माझ्या गाडीचे हब ड्रमसाठी केलेले. त्यांच्यावर डिस्क बसत नाही.

“विकत मिळतात की,” मी खिशातून कागद काढला. कागदावर चकचकीत हबचं चित्र होतं.

लॅव्हॉनने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. “चांगले आहेत. पण यांची पाच भोकं रुंद फेरात आहेत. तुझी चाकं यांच्यावर बसायची नाहीत. पुढची चाकं बदललीस की मागची वेगळी राहणार. मग डिकीतलं जादा चाक पुढं लागणार की मागं? का ते नुसतं शोभेला ठेवणार?”

“चाकं बदलायची नाहीत मला.”

“ते मला तू आत आलास तेव्हाच कळलं. आण तुझे जुने हब. त्यांचेच करू.”

“आणि डावीकडचे उलटे आटे तसेच ठेव,” मी म्हणालो. त्या काळच्या या गाड्यांना डाव्या चाकांचे नट उलटे फिरवून आवळावे लागतात. टायरच्या दुकानातली हल्लीची पोरं ते विसरतात आणि नट ज्यावर चढतो तो आट्यांचा खिळा, म्हणजे स्टड, मोडून ठेवतात. पण मला गाडी होती तशी हवी होती.

“म्हातारा हट्टी आहे रे, साहेब,” लॅव्हॉन कुत्र्याला म्हणाली.

मग तिने जे काम केलं, ते मी डबा पालथा घालून बघितलं. जुने ड्रम सोडवले, हब लेथवर चढवला आणि कडा अशी उतरवत नेली की डिस्क हाताने सरकवली तर बसावी आणि हलवली तर हलू नये. थोडं उतरवायचं, थांबायचं, हब निवू द्यायचा, मग मोजायचं. “गरम लोखंड खोटं बोलतं,” ती म्हणायची. डिस्क फिरवून मापाचा काटा लावला की तो जागचा हलत नसे. एकदा मात्र किंचित थरथरला. मला तो थरथरलेला दिसलासुद्धा नव्हता. तिने सगळं उतरवलं आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं. मला ते बघताना आनंद व्हायचा. घरी जाऊन मी तो आर्डिथला सांगायचो आणि ती भांडी घासत राहायची.

डेकोरेशन डेच्या आधीच्या शुक्रवारी दोन्ही हब तयार झाले. स्टड ठोकून बसवलेले, नुसते गाडीवर चढवायचे बाकी. लॅव्हॉनने पहिला हब तारेला टांगला आणि छोट्या हातोडीने हळूच ठोकला. चर्चच्या घंटेसारखा आवाज घुमला. दुसरा टांगला, ठोकला. टक्. संपलं.

तिने पुन्हा ठोकला. टक्.

“याच्यात चीर असेल,” ती म्हणाली.

“दिसतेय का कुठं?”

“नाही.”

“ते चिरेत भरायचं रंगाचं पाणी लावून बघितलंस?”

“काल लावलं. काही दिसलं नाही.”

“मग झालं तर. आवाजाचं काय घेऊन बसलीस? तुझ्या कानांचं वय बघ जरा.”

“कान माझेच आहेत, हार्लेस. पण गाडीत बसणार आर्डिथ आहे.”

“कोण कशात बसणार आहे?” दारातून आवाज आला. आर्डिथ हातात फडकं घेऊन उभी होती, त्यात पेपरोनी रोल, म्हणजे मसालेदार मांस भरलेले पाव, बांधलेले होते. काम झालं की नाही ते बघायला भाच्याचा ट्रक घेऊन आली होती.

मी काही बोलायच्या आत लॅव्हॉनने तिला सगळं सरळ सांगून टाकलं. आर्डिथने ऐकून घेतलं. “शंका आहे की खात्री?” तिने विचारलं.

“शंका.”

“आणि खात्री कशी होते?”

“मोडून.”

“अगं बायांनो,” मी म्हणालो, “वसंत ऋतू आख्खा गेला आहे त्याच्यात. परवा तुला आईकडे जायचंय, आणि सोमवारी तू बोलावलेला तो डॉक्टर गाडी न्यायला येतोय. जरा डोकं चालवा.”

लॅव्हॉनने तोवर हब गोणपाटात गुंडाळून लोखंड दाबायच्या प्रेसखाली ठेवलासुद्धा होता. दांडा ओढताना तिने माझ्याकडे बघितलं नाही. गोणपाटातून मोठा आवाज झाला आणि साहेब टेबलाखाली पळाला.

तिने दोन तुकडे उजेडात धरले. जुनी चीर असती तर तुटलेल्या जागी गंजाचा काळपट डाग दिसला असता. डाग कुठेच नव्हता. आरपार सारखं, ताजं, राखाडी, दाणेदार लोखंड. हब निर्दोष होता.

मग लॅव्हॉनने एका तुकड्यातला स्टड अंगठ्याने चाचपला. “हा पुरता बसला नव्हता,” ती म्हणाली. “उलट्या आट्यांचा एक कमी पडला म्हणून जुन्या डब्यातला घातला होता. याचं डोकं जरा जाड आहे. केसभर वर राहिला आणि यानेच आवाज खाल्ला. आधी स्टड काढायचे आणि मग ठोकायचं, हे मला शिकाऊ असल्यापासून माहीत आहे. माझी चूक. चांगला हब मोडला मी.”

“मग आता?” मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. “तुझ्या शंकेने माझी गाडी खाल्ली, लॅव्हॉन.”

“खाल्ली,” ती म्हणाली. एवढंच. सबब नाही, वाद नाही. तुकडे बाकावर ठेवून ती हात पुसत उभी राहिली, आणि तिचं तोंड इतकं उतरलं होतं की मी पालथ्या डब्यावर बसून घेतलं.

आर्डिथने ते तुकडे उचलले. एकमेकांना लावून बघितले, परत वेगळे केले. मग विचारलं, “दुसरा करायला किती दिवस लागतील?”

“जुना हब मिळाला तर तीन आठवडे. पण परवा—”

“परवा आम्ही माझ्या भाच्याच्या ट्रकमधून जातो. तू दुसरा कर.” आणि भिंतीवरच्या फोनवरून तिने एल्किन्सला फोन लावला. गाडी विकायची नाही, हे तिने त्या डॉक्टरला अशा गोड आवाजात सांगितलं की त्याने कारणसुद्धा विचारलं नसावं. रोल तिने लॅव्हॉनला दिले, सगळेच्या सगळे.

जुना हब मला नदीकाठच्या एका मोडक्या गाडीत मिळाला. लॅव्हॉनने तो केला, या वेळी स्टड काढून ठोकला, आणि तो घुमला. जूनमध्ये एका रविवारी आर्डिथ पुढचं दार उघडून आत बसली आणि आम्ही चीट माउंटन चढलो.

उताराला लागल्यावर मला राहवेना. “एक सांग,” मी म्हणालो. “हबमध्ये चीर निघाली असती आणि मग तुझा विश्वास बसला असता, तर मला समजलं असतं. तो तर चांगला निघाला. तिची चूक झाली होती.”

“चीर निघाली असती तर तिचे कान चांगले आहेत, एवढंच कळलं असतं,” आर्डिथ म्हणाली. “नुसत्या शंकेपायी बाईने स्वतःचं काम मोडलं, हार्लेस. माझ्यासाठी. तू काय केलं असतंस?”

पहिलं वळण आलं. मी ब्रेकवर पायाचा नुसता भार दिला आणि गाडी सरळ, शहाण्यासारखी धीमी झाली. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. चाळीस वर्षांचा संसार आहे.

“तसाच बसवला असता,” मी म्हणालो.

“माहीत आहे मला,” ती म्हणाली. मग तिने पाय लांब केले, डोळे मिटले, आणि घाट संपेपर्यंत उघडले नाहीत.