आणखी अर्धा सूर

हिरवा दिवा. गिटारच्या शेंड्याला चिमट्यासारखा बसवलेला ट्यूनर, त्याचा नखाएवढा पडदा आणि त्यात ‘डी’ हे अक्षर – स्थिर, कसलीही शंका नसलेलं. सगळ्यात जाड तार खरं तर ‘ई’ला लागते; गेले काही महिने बँडवाले ती अर्धा सूर खाली ठेवत होते, आणि तेही गाणारीच्या, तिच्याच सांगण्यावरून. ‘स्टेजवर गाणी जरा जड वाटली पाहिजेत,’ एवढंच ती तेव्हा म्हणाली होती. पण हे तर आणखी अर्धा सूर खाली... तार चुकून उतरली म्हणावी, तर काडीने – गिटारवाल्याला सगळे काडीच म्हणत – पुढचीही नेमकी तितकीच उतरवली. पुन्हा हिरवा दिवा. सूर नेमका लागला की तो हिरवा होतो. तो सूर तिथे का आणला, हे त्याला विचारायची सोय नसते.

तिच्या मांडीवर सकाळीच आलेलं खोकं होतं. पहिला अल्बम. कव्हरवर तिचंच तोंड, उघडं, मान मागे टाकलेली – पहिल्या गाण्यातला तो वरचा सूर, ब्लूजमध्ये जो गायचा नसतो, फाडायचा असतो. फाडला. महिनाभर रोज फाडला, आणि मग डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर तिला तिचाच घसा दाखवला : दोन फिकट कडा, मध्ये गाठ, कडा पुरत्या मिटत नाहीत म्हणून हवा निसटते. क्षणभर तिला ते पाहायला आवडलंही होतं, दुसऱ्या कुणाचं असावं तसं. ‘वरचे सूर येतील ना परत?’ – ‘बघू.’ हे ‘बघू’ तिने घरी कुणाला सांगितलं नव्हतं. बँडमध्ये ड्रम वाजवणाऱ्या दादालाही नाही.

“तारा ढिल्या वाजतायत रे,” ती म्हणाली.

“नव्या आहेत. ताणल्या जातायत अजून.”

नव्या तारा उतरतात, खरं आहे. पण सगळ्या सारख्याच? आणि बेसवाल्याच्या जुन्या तारा, त्याही?

“घाबरतेस कशाला?” काडी म्हणाला. “संध्याकाळच्या कार्यक्रमात अडलीस तर अल्बम लावून देऊ. तू नुसते ओठ हलव.”

सगळे हसले, आणि सगळे एकदमच थांबले. दादाला ड्रमवर सूर लावायचं काही काम नव्हतं, तरी तो मान खाली घालून एकच स्क्रू पिळत बसला होता. मग वर न बघताच म्हणाला, “पाणी देऊ का तुला? कोमट?”

कोमट. आयुष्यात कधी दादाने तिला पाणी कोमट हवं का म्हणून विचारलं नव्हतं. म्हणजे सूर उतरवायचं ठरलं होतं. तिच्यामागे, हळू आवाजात, ती दुखावू नये अशा बेताने – भांडले असते तर बरं झालं असतं, भांडणात निदान ओरडता तरी...

तिने खोकं खाली ठेवलं. गाणं सुरू झालं. वरच्या सुराची ती जागा जवळ आली, आणि सूर आला – सहज, जिन्याची एक पायरी कुणीतरी काढून टाकल्यासारखा. बुटका सूर. घसा मात्र सुखावला, लाज न वाटता सुखावला. खोक्यातल्या त्या तबकडीतली बाई आजपासून घरोघरी गाईल, तिला कधी कोमट पाणी लागणार नाही, आणि लोक इथे तिलाच ऐकायला येतील. तिची नक्कल करायला माझी नेमणूक झाली आहे.

“जमतंय ना?” काडीने विचारलं.

“हो.”

तार ढिली करत गेलं की एका ठिकाणी ती सूर देणं सोडते, नुसती लाकडावर फडफडते. ते ठिकाण मोजता येतं. काडीचा हात पुन्हा खुंटीकडे गेला, फक्त तपासायला असेल. नको म्हणायला मी तोंड उघडलं – आणि माझ्या घशाने, त्याचा हात खुंटीवर असेपर्यंत, आशेने वाट पाहिली.