मऊ काच

"धुळीचा एक कण सापडला तर सांग," असं म्हणत राधाबाईंनी डबीचं झाकण उघडून ती कालिंदीपुढे धरली.

कालिंदीनं आतलं भिंग उचललं आणि खिडकीशी नेलं. गिरगावातल्या त्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर दुपारचा उजेड चांगला यायचा. धूळ खरंच नव्हती. पण त्यातल्या एकामागं एक बसवलेल्या काचांपैकी पुढच्या काचेवर दुधावर साय धरावी तसा पांढुरका पडदा आला होता आणि कडेला निळाजांभळा डाग होता. राधाबाईंच्या वसंतनं हेच भिंग तिच्या डोळ्यांसमोर धरलं होतं तेव्हा समोरच्या गॅलरीतल्या दोरीचा पीळसुद्धा वेगळा दिसला होता.

परळच्या एका छोट्या कारखान्यात दोघं शेजारच्या टेबलांवर बसत. वसंत भिंगांचे आराखडे करायचा आणि हौसेनं काच घासायलाही बसायचा. किरण कुठून येतो, कुठे वळतो, याची आकडेमोड कालिंदीकडे असे. दोघांचं लग्न ठरल्यातच जमा होतं. छप्पन्नच्या जानेवारीत चळवळीवर गोळीबार झाला आणि त्यात वसंत गेला. त्याच्या नव्या आराखड्याचं हे एकच भिंग पुरं झालं होतं. मालक चिंतामणरावांनी ते त्याच्या आईला आणून दिलं. आता दोन वर्षांनी, फोटो स्टुडिओंसाठी तशीच भिंगं काढायचं त्यांच्या मनात आलं होतं. नमुना न्यायला कालिंदी आली होती.

"मावशी, हे पुसता कशानं?"

"रोज पदरानं पुसते. मध्ये डाग दिसायला लागला, तशी चिंच लावली. समईला लावते तीच. पण मेला जातच नाय गो. घासावा तितका वाढतोच आहे."

कालिंदीनं खिडकीतून बाहेर पाहिलं. समोरच्या भिंतीवर डांबरानं लिहिलेलं 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' अजून तसंच होतं. वसंतनं निवडलेली काच प्रकाश फार सुंदर वळवायची, पण ती मऊ, नाजूक होती. हाताचा घामसुद्धा तिला सोसायचा नाही. आंबट लागलं की वरचा थर विरघळायचा.

"ही मुंबईची हवा, मावशी," ती म्हणाली. "समुद्र जवळ. या काचेला डाग धरतातच."

"तरी मी म्हणते!" राधाबाईंना हायसं वाटलं. "साफ करून मिळेल ना?"

"बघते," कालिंदी म्हणाली आणि डबी पिशवीत ठेवून उतरली.

कारखान्यात कोंडीरामनं भिंग उघडलं. पॉलिशचं काम त्याच्याकडे होतं. पुढची काच त्यानं दिव्याखाली तिरपी धरली.

"कशानं तरी खाल्लीय. आता ही पुसून नाय निघायची. पुन्यांदा घासायला पायजे."

घासायची म्हणजे वरचा थर काढून टाकायचा. तो थर वसंतच्या हातचा होता. त्या डागाखाली का होईना, त्यानं दिलेली गोलाई अजून तिथे होती.

"राहू दे, कोंडीराम," ती म्हणाली आणि काच स्वतःच्या खणात ठेवली.

मग तिनं नवा आराखडा सुरू केला. ती मऊ काच आत घ्यायची आणि दोन्हीकडून टणक काचा लावायच्या. वसंतला तिनं तेव्हाच हे सुचवलं होतं. त्यानं हसून मान हलवली होती. "आत ढकलली की चित्र थोडं मंद येतं गं. पुढेच राहू दे तिला. सांभाळू आपण."

आता आकड्यांत चित्र थोडं मंदच येत होतं. चिंतामणरावांना ते चालणार होतं. गिऱ्हाइकालाही कळलं नसतं. पण वसंतच्या आराखड्यातली एकेक ओळ खोडताना कालिंदीला वाटे, शेजारच्या टेबलावरून कुणी तरी आता हटकेल.

एका दुपारी ती मालकांच्या खोलीतून बाहेर आली, तर कोंडीरामच्या स्टुलावर राधाबाई बसलेल्या. ट्राम बदलून एकट्याच आल्या होत्या. कोंडीराम खाली मान घालून उभा होता.

"समई घासताना मनात आलं. चिंचेनं काच जाते काय, म्हणून विचारलं ह्यांना," राधाबाई म्हणाल्या. "ही जाते, म्हणाले."

"मला काय ठावं, बाई, ह्या वसंताच्या आई," कोंडीराम कालिंदीकडे बघत पुटपुटला.

कालिंदी त्यांच्यासमोर खाली फरशीवरच बसली.

"तू खोटं का बोललीस?" राधाबाईंनी विचारलं.

तिनं हातातले आराखड्याचे कागद फरशीवर ठेवले.

"दोन वर्षं मीच खात होते ती. पोराची म्हणून जपत होते आणि..."

"मावशी, ती काच पुढे घालायचीच नव्हती. मी सांगितलं होतं त्याला. आत घाल म्हणून भांडले होते."

"मग?"

"ऐकलं नाही."

राधाबाईंचा पदर तोंडाशी गेला होता, तो हळूहळू खाली आला.

"माझं तरी कुठे ऐकलंन? दारात उभी राहिले होते आडवी. आज नको जाऊस, बाहेर गोळ्या चालल्यात. हात बाजूला करून गेला. आलोच, म्हणाला."

हे कालिंदीला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. राधाबाईंनी कुणालाच सांगितलं नव्हतं. पट्ट्यावरची यंत्रं घरघरत होती. कोंडीरामनं आपलं यंत्र तेवढं बंद केलं.

"ती काच आण," राधाबाई म्हणाल्या.

कालिंदीनं खणातून आणून दिली. राधाबाईंनी ती तळहातावर घेतली, एकदा मूठ मिटली, उघडली आणि परत केली.

"घासून टाक. आंधळी काच ठेवून काय करू?"

"त्याच्या हातचं जाईल, मावशी."

"जाऊ दे. तूच घास. दुसऱ्या कुणाला देऊ नको."

कोंडीराम बाजूला झाला. कालिंदीनं काच पकडीत बसवली, पॉलिशची तांबडी पूड पाण्यात कालवली आणि सावकाश हात फिरवायला सुरुवात केली. तिच्या हाताला सवय नव्हती. कोंडीराम मधूनच "हलक्यानं" एवढंच म्हणे. राधाबाई जागच्या हलल्या नाहीत. पूड मनगटापर्यंत चढली, साडीवर शिंतोडे उडाले. किती तरी वेळानं डाग गेला. काच इतकी स्वच्छ झाली की तिथे ती आहे हेच कळेना.

कालिंदी थांबली. हात तसेच पुढे धरून उभी राहिली. डोळे पुसायचे होते, पण पुसणार कशानं?

राधाबाई उठल्या. कोपर धरून त्यांनी तिला मोरीपाशी नेलं, नळ सोडला आणि लहान मुलीचे धुवावेत तसे तिचे हात धुऊ लागल्या. बोटांच्या बेचक्यांतून तांबडं पाणी निथळत राहिलं. ते निवळेपर्यंत दोघी तिथून हलल्या नाहीत.