रिकाम्या चौकटीतले शून्य

मित्रांनो, मी कुठल्या भिंतीवर टांगलेला नाही, मला हात लावता येत नाही; तरी मी एक जुना तक्ता आहे. इंटरनेटवर राहतो. साथीच्या काळात कुठल्या वस्तीत किती माणसे आजारी पडली, हे लोक माझ्याकडे बघून समजून घेत. आज तुमच्यापुढे बोलताना मान वर होत नाही, पण बोलायलाच हवे.

एका निवृत्त गणिताच्या मास्तरांनी मला घरातल्या जेवणाच्या टेबलावर बसून तयार केले. आकडे विखुरलेले येत. ते एका जागी असावेत, कोणालाही भरता यावेत आणि तपासताही यावेत, एवढीच त्यांची इच्छा. मास्तर टापटिपीचे. रिकामी चौकट त्यांच्या डोळ्यांत खुपे. म्हणून त्यांनी मला शिकवून ठेवले, की कोणी काही भरले नाही तर तिथे शून्य दाखवायचे.

बघता बघता अनोळखी माणसे माझ्याभोवती जमली. कोणी बँकेतला कारकून, कोणी बसचालक, सगळे घरात अडकलेले. ही माणसे सरकारची रोजची पत्रके वाचत, आकडे भरत, एकमेकांच्या चुका दुरुस्त करत. मास्तरांच्या वस्तीची ओळ स्वतः मास्तर आणि तिथल्या दवाखान्यातला कंपाउंडर असे दोघे सांभाळत. वर्तमानपत्रांनी माझी वाहवा केली आणि मीही हरभऱ्याच्या झाडावर चढून बसलो.

त्याच वस्तीत एक शिंपीणकाकू राहत. शिवणयंत्राशेजारीच त्यांचा फोन असे. त्यांच्या सासऱ्यांना, म्हणजे मामंजींना, चौकापलीकडच्या मित्राकडे बुद्धिबळ खेळायला जायची भारी ओढ. पण छाती नाजूक. म्हणून घरात ठरले होते, वस्तीत नवा रुग्ण नसेल तरच जायचे. मामंजी आधी चपला घालत आणि मग विचारत, "बघ गं, काय म्हणतोय तुझा तक्ता?"

"नको म्हणतोय. काढा चपला."

"हा तर तुझ्या सासूपेक्षा कडक निघाला!" असे म्हणत ते हसत हसत चपला काढत. मला फार बरे वाटे.

एका संध्याकाळी मास्तरांनी पत्रकावरून आणि कंपाउंडरने दवाखान्यातून तेच रुग्ण दोनदा भरले. आकडा दुप्पट झाला, वस्ती घाबरली आणि दोघांची चांगलीच जुंपली. पण माणसे भली. राग उतरल्यावर दोघेही ओशाळले. मास्तरांनी मनाशी ठरवले, दवाखान्यातला माणूस तो, त्यालाच भरू दे. कंपाउंडरने मनाशी ठरवले, वडीलधारे आहेत, त्यांचा मान त्यांना. एकमेकांना मात्र कोणीच काही सांगितले नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तसे माझे झाले. चौकट रिकामी राहिली आणि मी तिथे शून्य दाखवत राहिलो.

मास्तरांना वाटले, हे शून्य कंपाउंडरनेच भरले आहे. कंपाउंडरला मला उघडायलाही फुरसत नव्हती, कारण दवाखान्यापुढे रांग लागली होती.

"काय म्हणतोय गं?"

"शून्य, मामंजी! कालही शून्यच होतं. जा, पण लवकर या."

मामंजींनी काकूंच्या हातातल्या फोनला, म्हणजे मला, गमतीने नमस्कार केला आणि ते निघाले. मला काहीही ठाऊक नव्हते, मित्रांनो, आणि मी जा म्हणालो होतो.

ते डाव जिंकून आले. पण ज्यांच्याशी खेळले त्या मित्राला रात्री ताप चढला, आणि पुढे मामंजींनाही. रुग्णालयातून ते परत आलेच नाहीत.

दवाखान्याच्या कागदावर त्यांचे नाव पाहून कंपाउंडरने मला उघडले आणि घाईघाईने फोन लावला. "मास्तर, आकडे तुम्ही भरत होता ना?"

"मी? अहो, मला वाटलं, तुम्ही भरताय!"



माझ्यात कोणी काय बदलले याची नोंद राहते. त्या दिवसांची नोंद उघडली तर काहीच सापडत नाही. खोटा आकडा कोणीच लिहिला नव्हता. खोटे बोललो तो मीच.

मास्तरांनी माझी सवय मोडली. तेव्हापासून रिकाम्या चौकटीत मी 'माहिती नाही' असे दाखवतो. मामंजींचा एक आकडा त्यांनी मृत्यूंच्या रकान्यात भरला आणि ते काकूंच्या दारी गेले. घडलेले सगळे सांगितले. काकू रागावतील असे त्यांना वाटले होते. पण काकूंनी उलट त्यांनाच विचारले,

"म्हणजे तक्त्यात खरंच शून्य दिसत होतं? मला वाटत होतं, मीच नीट वाचलं नाही. रोज स्वतःलाच बोल लावत होते हो मी."

हे ऐकल्यापासून माझी मान खाली आहे ती खालीच आहे. साथ सरली, आता मला कोणी उघडत नाही, त्याचे मला वाईट वाटत नाही. काकू मात्र कधीतरी येतात. तो एक आकडा बघतात आणि मला मिटतात.

मित्रांनो, तुमच्याकडेही कधी कोणी विश्वासाने काही विचारायला येईल. ठाऊक नसेल तर सरळ 'ठाऊक नाही' म्हणा, त्यात कमीपणा नाही. मी एवढे म्हटले असते, तर मामंजींनी त्या दिवशीही चपला काढल्या असत्या.